किचनला फ्रीज लागला

परवान्याचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असतो, हे चिटणीसबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शिक्का पुढच्या बाजूला होता, सहीची रेघही पुढेच होती, आणि रेघेच्या वर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मागील अटी वाचल्या, मान्य आहेत.' शाळेची मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं उरली होती. बाईंनी उभ्याउभ्या सही ठोकली आणि कागद पर्समध्ये कोंबला. अशा वेळी मागची बाजू कोण वाचतं? खरं सांगा, तुम्ही वाचता?

बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि वस्तीतल्या क्लबच्या चार वर्षं चिटणीस होत्या. चिटणीस का, तर अक्षर सुंदर आणि 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून. क्लब तरी केवढा? एक हॉल, त्याच्या फरशीवर बॅडमिंटनच्या अर्धवट पुसलेल्या रेघा, मागे किचन, आणि ऑफिस म्हणून एक खोली, जिथलं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. यंदाच्या वार्षिक मेळाव्यात लकी ड्रॉ ठेवायचं ठरलं होतं. परवान्यावर त्याला 'सोडत' म्हणतात. एका दुकानदार सभासदानं नवाकोरा फ्रीज दिला होता आणि तिकिटं विकून हॉलचं गळकं छत दुरुस्त करायचं होतं. हेतू चांगला होता. या गोष्टीत सगळ्यांचेच हेतू चांगले आहेत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अध्यक्षांना मुळात परवानाच नको होता. अध्यक्ष टाइल्सचे व्यापारी. हसरे, हाताचे सढळ, आणि 'घरचंच तर आहे' हे त्यांचं पालुपद.

"अहो बाई, घरचा कार्यक्रम, घरची माणसं. लकी ड्रॉला परवाना कशाला? उद्या पत्ते खेळायलाही कचेरीत जाल."

"आपण तिकिटं विकतोय ना. वन्सं म्हणाल्या, विकली की परवाना लागतो."

"तुमच्या वन्संना रिटायर होऊन किती वर्षं झाली?"

"सात."

"मग कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं."

सगळे हसले, बाईसुद्धा. वन्सं म्हणजे बाईंच्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, तीस वर्षं परवाना कचेरीत शिक्के मारले, आणि आता भावाच्या घरी राहून औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलंच:

"वहिनी, मागं वाचलंत का?"

"वाचते हो वन्सं."

वाचलं नाही.

क्लबच्या किचनमध्ये अकरा वर्षं एकच बाई काम करत होती. तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे असलेलेही म्हणत. हॉल झाडणं, चहा, भांडी, सगळं तिच्याकडे. तिचा नवरा घरं रंगवायचा. एकदा साखर वाढली ती वाढलीच. आता पायांवर जखमा, डोळ्यांपुढे धुकं, आणि रोजची दोन इंजेक्शनं. ते औषध थंड ठेवावं लागतं. मावशीच्या खोलीत फ्रीज नव्हता. म्हणून क्लबच्या जुन्या फ्रीजमध्ये, सरबताच्या बाटल्यांच्या मागे, तिची एक छोटी स्टीलची डबी असायची.

एकदा बर्फ शोधताना ती डबी अध्यक्षांच्या हाती लागली. "मावशी, हा क्लब आहे, दवाखाना नाही हं," ते म्हणाले, पण हसत म्हणाले. त्यामुळे ते रागावले असं कुणालाच वाटलं नाही, मावशी सोडून. त्या दिवसापासून डबी तिच्या घरी, पाण्याच्या मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून राहू लागली. उन्हाळ्यात दोनदा औषध बिघडलं. दुसऱ्या वेळी नवऱ्याला उचलून न्यावं लागलं.

हे सगळं चिटणीसबाईंना माहीत होतं. माहीत असणं आणि मनात असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

तिकिटांचं पुस्तक घेऊन बाई किचनमध्ये चहा प्यायला आल्या, तेव्हा मावशी कपबशा पुसता पुसता म्हणाली, "बाई, मला मिळेल का एक?"

"न मिळायला काय झालं?"

"नाही, सभासदांपुरतंच असेल तर राहू दे."

"छे हो, कुणीही घ्यावं."

तिकिटाचे दोन भाग असत. एक घेणाऱ्याकडे, आणि दुसरा, म्हणजे स्थळप्रत, पुस्तकातच. त्यावर घेणाऱ्याचं नाव लिहायचं आणि ड्रॉच्या वेळी तोच डब्यात टाकायचा. नावासाठी बोटभर जागा. बाईंच्या एका हातात कप होता. त्यांनी कट्ट्यावर पुस्तक टेकवलं आणि त्या बोटभर जागेत, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, एक शब्द लिहिला: 'किचन'.

नाव विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तर त्यांनी विचारलं असतं. बाई काही उर्मट नव्हत्या.

मावशीला अक्षरं फारशी लागत नसत, पण आकडे यायचे. "चार, एक, सात," तिनं वाचलं, तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीची घडी केली आणि पुन्हा कपबशा पुसू लागली.

मेळावा रविवारी दुपारी झाला. मुलांच्या शर्यती, दोन भाषणं, जेवण, आणि शेवटी ड्रॉ. अडीचशे माणसं जेवली म्हणजे अडीचशे ताटं. किचनमधून भांड्यांचा असा काही खणखणाट येत होता की माइकमधूनही तोच ऐकू येई. अध्यक्षांनी कपाळाला आठी घालून चिटणीसबाईंकडे पाहिलं. बाई लगबगीनं मागे गेल्या.

"मावशी, ड्रॉ होईपर्यंत दार लावून घेऊ का जरा?"

"लावा की बाई."

दार जुनं, आपोआप उघडणारं. बाईंनी हॉलच्या बाजूनं कडी घातली.

स्टेजवर अध्यक्षांच्या लक्षात आलं की जेवण झाल्यावर माणसं पांगायला लागली आहेत. त्यांनी माइक हातात घेतला. "एक नियम ऐका हं. जो हजर असेल त्यालाच बक्षीस. तीनदा पुकारणार. नाही आला, तर गेलं." हा नियम तिकिटावर नव्हता, परवान्यात नव्हता, बैठकीतही कुणी काढला नव्हता. तो त्या क्षणी, त्या माइकवर जन्माला आला. पण फार सोयीचा होता. उठलेली माणसं पुन्हा बसली.

पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीनं बिस्किटांच्या मोठ्या डब्यात हात घातला. अध्यक्षांनी चिठ्ठी उलगडली.

"चारशे सतरा. नाव..." त्यांनी चष्मा वर केला. "किचन."

हॉलमध्ये हशा पिकला.

"हे कुणाचं आडनाव हो?" मागून कुणीतरी ओरडलं.

"किचन आहेत का किचन?" अध्यक्षांना रंग चढला. "किचन, दुसऱ्यांदा. किचन, तिसऱ्यांदा. आले नाहीत बिचारे."

पहिल्या रांगेत उपाध्यक्ष बसले होते. ते म्हणाले, "क्लबच्या किचनच्या नावानं घेतलं असेल कुणीतरी."

"मग प्रश्नच मिटला! मंडळी, किचनला फ्रीज लागला. आपला जुना तसाही कण्हतोय."

टाळ्या पडल्या. स्टेजच्या कोपऱ्यात चिटणीसबाई कार्यवृत्ताची वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं. "अहो, ते तिकीट..." एवढं त्या म्हणाल्याही, पण कुणाला ऐकू गेलं नाही, आणि लगेच आभाराचं भाषण त्यांचंच होतं. नंतर सांगू, त्यांनी ठरवलं. चारचौघांत अध्यक्षांना कशाला तोंडघशी पाडायचं? नंतर, शांतपणे. आणि वहीत त्यांनी लिहिलं: 'प्रथम पारितोषिक, क्रमांक ४१७. विजेता गैरहजर. बक्षीस क्लबकडे जमा.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

कडी निघाली. दोन जण फ्रीज घेऊन किचनमध्ये शिरले. "मावशी, सरका." मावशी कोपरापर्यंत फेसात होती, ती सरकली. फोटोसाठी फ्रीजच्या दारावर विजेती चिठ्ठी चिकटवली होती, ती तशीच होती. माणसं गेल्यावर मावशीनं कोरडं फडकं घेतलं आणि फ्रीजवर उमटलेले हातांचे डाग पुसायला लागली.

चिटणीसबाई आत आल्या तेव्हा ती चिठ्ठीसमोर उभी होती. तिनं हात पुसले, कमरेची पिशवी काढली, तिच्यातून प्लॅस्टिकची घडी, घडीतून तिकीट.

"बाई, इथं चार, एक, सात आहे. माझ्याकडेही चार, एक, सातच आहे. एकच नंबर दोघांना देतात का हो?"

चिटणीसबाईंनी अठ्ठावीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "बघते हं मावशी. उद्या बघते."

"घाई नाही बाई. सहज विचारलं." आणि मावशी पातेल्यांकडे वळली.

घरी बाई जेवल्या नाहीत. वन्संनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. समोर येऊन बसल्या. मग बाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी स्वतःची बाजूही मांडली: "पण वन्सं, अध्यक्षांनी नियम आधीच सांगितला होता. हजर असेल त्यालाच. ती नव्हती."

"कागद आणा."

वन्संनी परवाना उलटा केला आणि बोट ठेवून वाचत गेल्या. स्थळप्रतीवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव हवं. सोडत तिकीट घेणाऱ्या सगळ्यांना बघता येईल अशी हवी. हजर राहण्याची अट तिकिटावर छापली असेल तरच चालेल. बक्षीस कुणी नेलं नाही, तर महिनाभर जपून ठेवायचं, माणूस शोधायचा, त्याला कळवायचं. आणि आयोजकांनी कुठलंही बक्षीस स्वतःकडे ठेवायचं नाही.

"खाली ही सही कुणाची?"

"माझी."

"सुंदर आहे."

"वन्सं, टोमणे नका मारू. नियमावर बोट ठेवून क्लब चालत नाहीत. सगळी ओळखीची माणसं आहेत, घरचीच."

"तीस वर्षं मी हेच ऐकलं. खिडकीपाशी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आमचं घरचंच आहे. वहिनी, ओळखीच्या माणसांसाठी ओळख असते. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी हा कागद असतो. तुमच्या अध्यक्षांचं तिकीट डब्यातून निघालं असतं आणि ते हात धुवायला गेले असते, तर तीनदा पुकारून मोकळे झाला असता?"

बाई परवान्याची घडी घालू लागल्या.

"बरं, ते सोडा. वर्गातल्या मुलीला तुम्ही खडू आणायला धाडता. तेवढ्यात हजेरी घ्यायची वेळ होते. तिच्या नावापुढे काय मांडता?"

"हजर." बाईंच्या तोंडून आपोआप निघालं. "माझ्याच कामाला गेलेली असते ना."

"मग?"

एवढंच म्हणून वन्सं उठल्या आणि ताट झाकून ठेवायला आत गेल्या. बाई बसून राहिल्या. अठ्ठावीस वर्षांत अशा एकाही मुलीला त्यांनी गैरहजर मांडलं नव्हतं. आणि आज ती बाई भिंतीपलीकडे, क्लबच्याच कामात, क्लबचीच ताटं घासत उभी होती, आणि कडी? कडी कुणी घातली होती? नाव कुणी पुसून टाकलं होतं? अध्यक्षांनी नव्हे, उपाध्यक्षांनी नव्हे. हे सगळं आपल्या हातानं केलं, या हातानं! बाईंनी आपला उजवा हात असा पाहिला, जसा दुसऱ्याच कुणाचा असावा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी त्या क्लबमध्ये गेल्या. मावशी हॉल पुसत होती.

"मावशी, तुमचं नाव काय?"

मावशी घाबरली. "काही चुकलं का बाई?"

"तुमचं नाही चुकलं."

तिनं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. बाईंनी ते तिच्यासमोर पूर्ण लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "बरोबर आहे," आणि पदराला हात पुसत जरा वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

मंगळवारी संध्याकाळी समितीची बैठक झाली. बाईंनी परवाना टेबलावर उलटा ठेवला आणि जे झालं ते सांगितलं, स्वतःपासून सुरुवात करून.

अध्यक्ष नेहमीसारखे हसले. "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. फ्रीज कुठे गेलाय? किचनमध्येच तर आहे. मावशीला म्हणावं, डबी ठेव खुशाल. आपण काय इतके कोत्या मनाचे आहोत?"

"डबी ठेवायची परवानगी नको आहे. फ्रीज तिचा आहे."

"पण उद्या भांडीवालीला फ्रीज दिला," उपाध्यक्ष म्हणाले, "तर परवा माळी म्हणेल..."

"दिला नाही हो. लागला."

"अहो, एवढं काय चाललंय? मावशी आपलीच आहे. घरचीच आहे," अध्यक्ष म्हणाले.

"घरची आहे ना? मग नाव सांगा तिचं."

खोलीत सात माणसं होती. पंखा फिरत होता. उपाध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. कुणीतरी घसा खाकरला, वाटलं आता सांगणार, पण तो नुसताच खाकरला.

"लाजू नका," बाई म्हणाल्या. "काल सकाळपर्यंत मलाही माहीत नव्हतं."

मग त्यांनी कार्यवृत्ताची वही उघडली. 'विजेता गैरहजर' यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: 'विजेती हजर होती, कामावर. दाराला हॉलच्या बाजूनं कडी होती. कडी मी घातली.' त्याखाली मावशीचं पूर्ण नाव, आणि स्वतःची सही.

अध्यक्षांचं हसू पहिल्यांदा विरलं. "हे कचेरीत दाखवणार तुम्ही?"

"महिन्याच्या आत अहवाल द्यावाच लागतो. मागं लिहिलंय."

फ्रीज मावशीला मिळाला. इथे गोष्ट संपली असती तर फार छान झालं असतं.

आठवड्यानं क्लबच्या फलकावर एक फोटो लागला. फ्रीजच्या एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मावशी. अध्यक्षांचा हात फ्रीजवर. खाली छापलं होतं: 'क्लबतर्फे गरजू महिलेस फ्रीज भेट.' चिटणीसबाईंनी 'भेट' खोडून 'सोडतीतील बक्षीस' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला, काचेच्या आत, कुलपाच्या आड. महिनाअखेरीस समितीनं ठरवलं की किचनचं काम आता बाहेरच्या मंडळींना द्यायचं. खर्च वाचतो, आणि कटकटही नको. 'कटकट' हा शब्द वहीत लिहायला त्यांना चिटणीसबाई मिळाल्या नाहीत. बाईंनी त्याआधीच राजीनामा दिला होता, आणि तो इतक्या तत्परतेनं मंजूर झाला की त्यावर कुणी मागची-पुढची बाजू बघितली नसावी.

एका दुपारी बाई मावशीच्या खोलीवर गेल्या. खोली एवढीशी, फ्रीजला जागा करायला खाट भिंतीला सरकवली होती, आणि त्या खाटेवर रंगारी बसून, आवाजाच्या अंदाजानं, पाहुणीकडे तोंड करून हसत होता. मावशीनं आनंदानं फ्रीजचं दार उघडून दाखवलं. आतला दिवा लागला. पांढरेशुभ्र कप्पे, वरपासून खालपर्यंत रिकामे, आणि मधल्या कप्प्यावर ती एक स्टीलची डबी.

"औषध आता बिघडत नाही बाई," मावशी म्हणाली. "बाकी काही ठेवायला लागलं तर जागा पुष्कळ आहे."

"नवीन काम बघितलं का कुठे?"

"बघतेय. विचारतात, आधीचं का सुटलं? काय सांगू?" ती थोडं हसली. "सांगते, फ्रीज लागला म्हणून."

बाई परत निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात एकच हिशोब घोळत होता. जे पहिल्याच दिवशी, एक बोटभर नाव नीट लिहिलं असतं तर सहज झालं असतं, ते नंतर करायला गेल्यावर एका बाईची भाकरी गेली. चूक दुरुस्त झाली खरी, पण तिची किंमत चूक करणाऱ्यांनी कुठे भरली?

वाचकहो, आपण सगळे कुठल्या ना कुठल्या समितीवर असतो. सोसायटी असेल, शाळा असेल, भिशी असेल. आणि आपण चांगलीच माणसं असतो. म्हणूनच आपल्याला वाटतं की नियम दुसऱ्यांसाठी आहेत, घरच्या कार्यक्रमाला कागद कशाला? पण त्या हॉलमध्येही सगळी चांगलीच माणसं होती, आणि एकीचं बक्षीस तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवून काढून घेतलं गेलं. नियम आपल्यावर अविश्वास दाखवायला नसतो. आपल्याला जो दिसत नाही, त्याच्या वतीनं तो तिथे बसलेला असतो. तेव्हा सही करण्याआधी कागद उलटा करा. नाव लिहायचं तिथे नावच लिहा, पूर्ण, विचारून. आणि कुणाला तीनदा पुकारून गैरहजर ठरवण्याआधी एकदा उठा, आणि दाराला कडी कुठल्या बाजूनं आहे ते बघून या.